नावाला तूप

धामणगाव बढ्यात महाशिवरात्रीचा सप्ताह बसला, की देवाच्या नैवेद्याला तूप गोजरबाईच्या घरचं. सासूच्या हातून तिच्याकडे आलेला हा मान. नवरा गेला, वावर दिरांनी घेतलं, पण मान कुणी काढून घेतला नव्हता. यंदा मोठे बुवा कीर्तनाला येणार, म्हणून तिनं म्हशींची सरकी दुप्पट केली.

"देवाच्या तुपाले कसा टपोरा दाना पडला पाह्यजे," ती म्हणायची. आणि पडलाही. ती लोणी कढवायला बसली की आळीतली माणसं उगाच तिच्या दारावरून फेऱ्या घालायची.

त्याच सुमारास शालिग्राम दुकानदाराकडे पत्र्याचे डबे आले. आगबोटीतून मुंबईला उतरलेले, तिथून रेल्वेनं मलकापूर, पुढं बैलगाडी. आत पांढरं, बिनवासाचं, गोठवलेलं परदेशी तेल. हे तुपात मिसळून विकतात अशी ओरड झाली, तेव्हा सरकारनं फर्मावलं: माल त्याच्या खऱ्या नावानंच विकायचा. नाव एक नि माल दुसरा, तर गुन्हा. कायद्यात खोट नव्हती. गोजरबाईसारख्यांच्याच भल्यासाठी तो होता.

बाजाराच्या दिवशी भेसळ तपासणारे इन्स्पेक्टर आले. डब्यावरचं इंग्रजी वाचून त्यांनी शालिग्रामला बजावलं, "हे तूप नाही, लोकांना कळलं पाहिजे. मराठीत पाटी लाव."

"लावतो जी."

पाटी लागली: 'विलायती वनस्पती. सरकारने तपासलेले.'

आता वऱ्हाडात विलायती म्हणजे काय? छत्री विलायती, कात्री विलायती, औषधसुद्धा विलायतीच उतार पाडतं. सावध करायला टांगलेली पाटी लोकांनी शिफारस म्हणून वाचली. रुखमाबाई तर डबा उचलतानाच म्हणाली, "सरकारनं तपासलं म्हन्ते बाई. आपली म्हैस कोनं तपासली, सांग बरं?"

डब्यातला नमुना घेऊन इन्स्पेक्टर मग तूप विकणाऱ्या बायांच्या रांगेकडे वळले. गोजरबाईच्या गडव्यातलं तूप त्यांनी तीन बाटल्यांत भरलं, लाखेनं बंद केलं. एक तपासणीला नागपूरला जाणार होती, एक नियमानं तिच्याकडेच ठेवायची होती. एवढी लाल लाख, त्यावर सरकारी शिक्का. बाईला वाटलं, बक्षीसच. तिनं ती देव्हाऱ्यात ठेवली नि कुंकू लावलं.

सप्ताह सुरू झाला आणि नागपूरचा निकाल आला. विलायती डबा पास. गोजरबाईचं तूप नापास.

सप्ताहाचे कारभारी महादेवराव पाटील चावडीवर इन्स्पेक्टरांना म्हणाले, "साहेब, चूक होऊन राह्यली. हे बाई भेसळ करनारी नाही."

"मलाही तसं वाटतं. सरकी फार चारते का?"

"हाव. आमच्याकडे सारेच चारतात. कापसाचा मुलूख हाय."

"सरकीनं तुपाच्या शुद्धतेचा आकडा खाली येतो, असं तपासनीस म्हणतात. पण आकडा ठरलाय दुसरीकडच्या तुपावरून. म्हशीनं काय खाल्लं, हे विचारायला कायद्यात जागा नाही."

"मंग तो डबा कसा पास झाला?"

"तो स्वतःला तूप म्हणवतच नाही, पाटील. त्याच्या नावावर जे आहे, तेच आत आहे."

खटला भरला नाही, ताकीद दिली. साहेब मनानं चांगले होते. त्यांनी वर लिहितो म्हणून सांगितलं नि घोड्यावर बसले.

संध्याकाळी पाटील गोजरबाईच्या दारात आले. आत गेले नाहीत.

"गोजरबाई, काल्याच्या प्रसादाचं तूप यंदा राहू दे."

"काऊन, दादा?"

"मले माहीत हाय तू तशी नाही. साहेबबी तेच म्हने. पन गावात बोभाटा झाला. देवाच्या कामात संशय नको."

"तुमाले संशय हाय का?"

"मले नाही वो."

"मंग देवाले हाय?"

पाटलांनी पागोटं सारखं केलं, आणि गेले. खरं काय ते सगळ्या गावात त्यांनाच ठाऊक होतं, आणि त्यांनी ते दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही.

काल्याचं कीर्तन मी कितीकांचं ऐकलं आहे, पण त्या दिवशीचा बुवांचा गळा काय सांगावा! टाळ थांबले तरी कानांत नाद उरायचा. निरूपणात बुवा म्हणाले, "बापहो, माणसाला फसवाल एक वेळ, पण देवाच्या वाटीत खोटं तूप वाढणारा हात कोणत्या नरकात धुवाल?" कारभाऱ्यांनी बुवांच्या कानावर जेवढं घातलं तेवढंच ते बोलले. पण मंडपातली सारी डोकी मागं वळली. खांबाजवळ गोजरबाई बसली होती. ती उठली नाही. गजराला तिनं दोन्ही हात वर केले, सगळ्यांसारखे.

मग रांगेनं लोक बुवांच्या पाया पडले. तीही पडली. बुवांनी तिला ओळखलं नाही. "कल्याण असो, माय," म्हणून त्यांनी आपल्या हातानं तिच्या ओंजळीत शिरा घातला.

शिरा दिसायला छान होता, मोकळा, पांढरा. तिनं तोंडात घातला, आणि तो टाळ्याला मेणासारखा चिकटला. वास नाही, चव नाही. रुखमाबाई शेजारून बघत होती.

प्रसाद थुंकत नाहीत. गोजरबाईनं डोळे मिटले आणि गिळला.