मी गारवा सोडला नाही

मी एक जुनी लसींची पेटी आहे. मित्रांनो, दवाखान्याच्या वऱ्हांड्यात, औषधांच्या खिडकीसमोर मला भिंतीशी सरकवून ठेवलं आहे. रांगेत पाय दुखले की लोक माझ्यावर बसतात. आज तुम्ही बसला आहात, तर माझं थोडं ऐका.

माझ्या भिंती जाड, झाकण घट्ट. पोटात बर्फ भरला की बाहेर रस्त्याचं डांबर का वितळेना, माझ्या आत पहाट असते. आमच्या सिस्टर लसी भरताना झाकणावर थाप मारून गुणगुणायच्या,

पेटी गं पेटी, धर गारवा पोटी,
तुझ्या गारव्यानं बाळं होऊ देत मोठी.

एकवीस वर्षं मी तो धरला. चढ चढले, नावेतून गेले. एकदा जीप उलटली, ड्रायव्हरचं डोकं फुटलं, पण माझ्यातली एक लस नासली नाही. "माणसापेक्षा पेटी बरी," सिस्टर म्हणायच्या, "सांगितलेलं ऐकते तरी." तोच माझा गुण, आणि त्याच गुणाने घात केला.

एका शाळेत नववीच्या मुलांचं रक्त घ्यायचं होतं. क्षयाचे जंतू कधी कधी अंगात शिरून गुपचूप दडून बसतात. मूल धडधाकट दिसतं, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी शत्रूचा चेहरा विसरत नाहीत. तपासणीच्या नळीत त्या जंतूचे निरुपद्रवी तुकडे असतात. ते दिसले की ओळखीच्या पेशी हाकाटी करतात, म्हणजे एक द्रव्य सोडतात, आणि प्रयोगशाळेत ते मोजतात. हाकाटी ऐकू आली की वेळीच गोळ्या द्यायच्या, म्हणजे आजार सहसा डोकं वर काढत नाही. अट एवढीच, की पेशी जाग्या हव्यात. त्यांना ऊब हवी.

रांगेत पहिली होती टकळी. तोंड अखंड चालायचं म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. तिच्या थोरल्या भावाला क्षय झालेला, आणि सगळं घर एका खोलीत झोपायचं. बाकी कुणाचं नाही तरी तिचं रक्त बोलायलाच हवं होतं.

नळ्या नेणारा प्रयोगशाळेचा माणूस त्या दिवशी रजेवर होता. ऊन रणरणत होतं.

"सिस्टर, गाडीची भट्टी झालीय, आणि सहा तासांचा रस्ता. नासेल हो सगळं," ड्रायव्हर म्हणाला. "पेटी आहे की. लस टिकते, मग रक्त नाही टिकणार?"

नळ्यांच्या खोक्यावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं, थंड करू नये. सिस्टरांचा चष्मा पर्समध्ये होता. सवयीच्या हाताने त्यांनी बर्फ लावला आणि नळ्या आत ठेवल्या.

टकळीने वाकून पाहिलं. "अय्या, माझं रक्त एवढ्या गारठ्यात? त्याला सर्दी होईल ना, सिस्टर!"

सगळे हसले. सिस्टरही हसल्या. "चल, आगाऊ कुठली! तुझ्यासारखंच बडबडं असणार ते. बसेल जरा गप्प."

ते गप्प बसलं, मित्रांनो. सहा तास मी जीव तोडून गारवा धरला. माझ्या पोटात एकेक पेशी गारठत गेली, आणि मला वाटत होतं, मी त्यांना सांभाळते आहे.

प्रयोगशाळेत ऊब मिळाली, पण उशिरा. पेशी जाग्या आहेत का, एवढंच बघायला प्रत्येक मुलाची एक नळी वेगळी असते. तीही मुकी निघाली. तिथल्या बाईंनी स्वच्छ लिहिलं, "चाचणी फसली. पुन्हा रक्त घ्या." कागद कचेरीत आला. कारकुनाच्या तक्त्यात दोनच रकाने होते, लागण आहे आणि लागण नाही.

"साहेब, फसलेल्याला रकाना कुठाय?"

"लागण दिसली का?"

"दिसली नाही."

"मग झालं की."

टकळीच्या आईने घरी आलेला 'लागण नाही'चा कागद चार वेळा कपाळाला लावला. "एक लेकरू तरी सुटलं," म्हणाली.

आठ महिन्यांनी ते लेकरू खोकत आलं. चौकशी झाली. साहेबांनी लिहिलं, "पेटी सदोष." सिस्टर समोरच उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलले. निवृत्तीला चार महिने उरले होते. ओठ मिटले. ज्या दिवशी मी तसूभरही चुकले नाही, त्याच दिवसाचा डाग मला लागला.

आता टकळी दर आठवड्याला गोळ्या न्यायला येते आणि माझ्यावरच बसते. दप्तराएवढी हलकी झाली आहे. परवा झाकणावर बोट फिरवत तिने विचारलं, "सिस्टर, ही तीच ना?" सिस्टर खिडकीत मान खाली घालून गोळ्यांची पाकिटं लावत राहिल्या. टकळीने पुन्हा विचारलं नाही. हल्ली ती काहीच दोनदा विचारत नाही. दम लागतो.

मित्रांनो, पेटीला डोळे नसतात, तुम्हाला आहेत. आत काय ठेवता आहात ते आधी वाचा. आणि एखादं पोर हसत हसत काही म्हणालं, तर हसण्याआधी ऐका.

बाहेरची ऊब आत येऊ न देणं हेच माझं काम. पण टकळी बसली की तिच्या अंगातला बारीक ताप या जाड झाकणातूनही आत उतरतो. त्या दिवशी तिच्या रक्ताला एवढीच ऊब हवी होती.

उठा आता. ती फाटकातून येते आहे. तिला बसू द्या.