दारोदारी कडुलिंब

मुलांनो, आपण नीला आहोत असं जरा धरून चला. साल बेचाळीस, नागपुरातली विणकरांची गल्ली. चळवळ पेटली आहे, माग बंद पडलेत आणि पोलीस तरण्या पोरांना शोधत घरोघर फिरतात. नीलाचा काका मधुसूदन तिच्याच घरात, सुताच्या गठ्ठ्यांमागे लपलाय.

ज्या घरात देवीचे फोड उठतात, त्या दारावर कडुलिंबाचा डहाळा लावायचा, मग परका माणूस आत येत नाही. पोलिसांना अडवायला सगळ्या गल्लीनं डहाळे लावले. खरी देवी मात्र शेजारच्या वच्छलाबाईंच्या नातवाला आली होती. आणि नीलाचा धाकटा भाऊ कवडू परवाच त्याच्या अंथरुणात झोपला होता.

सकाळी लस टोचणारे नत्थूजी आले. मागे हवालदार.

"ज्या लेकराले फोड नाही, त्याले आजच टोचून घ्या. उद्या उपयोग नाही!" नत्थूजी ओरडले.

एकही दार उघडेना. देवीच्या घरात सुई लावत नाहीत, देवी कोपते म्हणतात. हवालदारालाही ते ठाऊक होतं.

तो हसला. "ज्यानं टोचून घेतलं, त्याचा डहाळा खोटा. पहिली झडती त्याच्याच घराची!"

"माय वं, कवडूले टोचू दे नं!" नीला कुजबुजली.

"अन् तुह्या काकाले फासावर धाडू? चूप बस!"

"वहिनी, मीच बाहेर जातो," गठ्ठ्यांमागून काका म्हणाला. "पोरगं हातचं जाईन."

"भावजी, हालू नका!" आईचा आवाज चिरकला.

नत्थूजी पुढे निघाले होते. नीलाला शाळेत लस टोचलेली होती. ती परसातून थेट वच्छलाबाईंकडे गेली.

"आजी, नत्थूजीले इथं बोलावू? हवालदार ह्या घरात नाही यायचा."

वच्छलाबाईंनी फणफणलेल्या नातवाकडे पाहिलं. "बोलाव पोरी. देवी घेईन मले समजून."

नीलानं पुढचं दार उघडलं. "नत्थूजी, पोराले पाहून जा नं जी!"

आतलं फोडांनी भरलेलं तोंड दिसताच हवालदार मागे सरकला. नत्थूजी एकटेच आत आले. नीलानं कडी लावली आणि परसाकडे बोट दाखवलं. सगळ्या घरांची मागची दारं त्याच परसात उघडत होती.

"काहून वं, माही नोकरी घालवतं का?" नत्थूजी दबक्या आवाजात म्हणाले. "बाहेर तो उभा हाय!"

नीलानं त्यांची लशीची पेटी उचलून छातीशी धरली आणि परसातून कवडूकडे धावत सुटली. पेटीमागे नत्थूजींना यावंच लागणार होतं.