झुंबर बरा आहे

झुंबर गेल्याची बातमी सगळ्या गावाला कळली होती. ती कळू द्यायची नव्हती फक्त एका माणसाला, आणि नेमका तोच दवाखान्याच्या खाटेवर पडून सारखा विचारत होता, "ताई, झुंबर कसा आहे गं?"

"बरा आहे," ताई म्हणायची. "आज उशीला टेकून बसला म्हणे. सूप प्यायला."

झुंबर म्हणजे बास्केटबॉलमधला तो ताडमाड गडी. उडी मारून एकदा रिंगला लटकला की खाली उतरायचं नाव घ्यायचा नाही, म्हणून झुंबर. संघाला सगळे मोठे चषक त्यानेच आणून दिले, आणि गावातली अर्धी पोरं त्याच्यापायी शाळा बुडवून कोर्टावर पडीक राहिली. ताईचा धाकटा भाऊ त्यांतला अव्वल. चाळिशी उलटली, डोक्यावरचे केस गेले, लग्न करायचं राहून गेलं, पण झुंबरचं वेड काही गेलं नाही. ताईला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती शिवणकाम करायची आणि झुंबरच्या चाहत्यांच्या मंडळाला जर्स्या शिवून द्यायची, तेवढाच तिचा संबंध.

भावाच्या यकृतात गाठ निघाली तेव्हा तो हटून बसला. पोट फाडून घेणार नाही म्हणजे नाही. डॉक्टरांनी समजावलं, ताईने रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी. मग एक दिवस बातमी आली की झुंबरलाही तशीच गाठ आहे आणि तो ऑपरेशन करून घेतोय. भाऊ ताडकन उठून बसला. "तो करतोय ना? मग मीही करतो." त्या दिवशी ताईने त्या कधी न भेटलेल्या माणसाला मनातल्या मनात दंडवत घातला.

आणि ऑपरेशन होऊन झुंबर गेला. आता काय म्हणावं याला?

डॉक्टरांनी ताईला बाजूला घेऊन नीट सांगितलं. झुंबरची गाठ पसरली होती, त्याने फार उशीर केला होता. तुमच्या भावाची लहान आहे, एका कोपऱ्यात आहे. आत्ता काढली तर माणूस वाचेल. थांबलात तर मग मलाही हात लावता येणार नाही. ऑपरेशन उद्या सकाळी.

ताईने पदर खोचला. भावाचा फोन दुरुस्तीला टाकला म्हणून लपवला, नर्सबाईंना सांगून ठेवलं, शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला हात जोडले. भाऊ डॉक्टरांनाही विचारायला लागला, तेव्हा त्यांच्याकडेही तिने नुसतं असं पाहिलं की ते बिचारे चाचरत म्हणाले, "झुंबर? हो, हो, सुधारतोय." एवढं ऑपरेशन पार पडू दे, मग जन्मभर माझं तोंड पाहू नकोस, असं ती मनाशी म्हणत होती.

पण भाऊ काही दुधखुळा नव्हता. दुपारी तो म्हणाला, "मंडळातलं कुणी फिरकलं नाही गं. अध्यक्ष तर रोज यायचा माझं डोकं खायला."

"कामात असेल रे."

"सगळ्यांना एकदमच कामं लागली? काहीतरी झालंय, ताई. मला कळल्याशिवाय मी उद्या आत जाणार नाही."

 ताईच्या तोंडातून निघून गेलं, "अरे, येणार आहेत संध्याकाळी सगळे, तुझ्या खिडकीखाली. तुला सांगायचं नव्हतं, म्हणून गप्प होते." आणि औषध आणायचं निमित्त करून ती कोर्टाकडे धावत सुटली.

मंडळ तिथेच होतं. रिंगखाली झुंबरचा फोटो, फोटोपुढे एक चेंडू, आणि भोवती मोठमोठी माणसं मांडी घालून बसलेली. अध्यक्ष म्हणजे गावचा न्हावी. तो सांगत होता की झुंबर एकदा त्याच्या खुर्चीत बसला, तर कात्री डोक्यापर्यंत पोचेना, शेवटी स्टुलावर चढून केस कापले. "वर म्हणतो कसा, सांभाळून हं, पडशील!" सगळे हसले आणि हसता हसता रडायला लागले. मंडळातला एक बसड्रायव्हर म्हणाला, अंतिम सामन्याच्या वेळी मी बस कडेला लावून रेडिओ ऐकत बसलो, एक प्रवासी बोलला असेल तर शपथ.

"त्याच्यासाठी रडायला तुम्हाला जन्म पडलाय," ताई मध्येच म्हणाली. "माझ्या भावाला वाचवायला आजचीच संध्याकाळ आहे." आणि तिने सगळं सांगितलं.

न्हाव्याने डोळे पुसले. "ताई, आज आम्हाला नाचायला सांगताय? आज?"

"सांगतेय. पाया पडते हवं तर."

ते आले. भावाच्या खिडकीखाली उभे राहून चेंडू आपटायला लागले, आरोळ्या ठोकायला लागले. बसड्रायव्हर तर चक्क नाचला. "झुंबर बरा आहे!" न्हावी ओरडला, आणि त्याचा आवाज फाटला तो ताईलाच कळला. भाऊ खिडकीच्या गजांना धरून खदखदा हसत होता. ताई त्याच्याच तोंडाकडे बघत होती. कितीतरी दिवसांनी तिला श्वास पुरला.

मग भावाचं हसू थांबलं.

"ताई, यांच्या जर्स्या उलट्या का आहेत?"

तिने खाली पाहिलं. प्रत्येकाच्या अंगावर शिलाया बाहेर, आणि छातीवर आकड्याऐवजी नुसती दोऱ्याची चौकट. तिनेच शिवलेल्या जर्स्या, आणि तिलाच दिसलं नव्हतं. झुंबरचे गुरुजी वारले तेव्हा तो अख्खा सामना जर्सी उलटी घालून खेळला होता. तेव्हापासून कुणी गेलं की मंडळ तशीच घालायचं. सकाळपासून ती अंगावर होती. घाईत कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"गेला ना तो?" भाऊ म्हणाला.

ताईने त्याचा हात धरला आणि आता सगळं खरं सांगितलं. त्याची गाठ पसरलेली, तुझी लहान. त्याला उशीर झाला, तुला झालेला नाही. डॉक्टर म्हणालेत, तू वाचशील.

भावाने शांतपणे ऐकून घेतलं. "तो सूप प्यायला म्हणून सांगितलंस, तेव्हा तो होता?"

"नव्हता रे."

"तेव्हाही माझा हात असाच धरला होतास." त्याने आपला हात काढून घेतला.

ताईने डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी कागद काढून गाठ दाखवली, बोटाने तिचा कोपरा दाखवला.

"तुम्हीही म्हणाला होतात, सुधारतोय," भाऊ म्हणाला. डॉक्टरांनी कागदाची घडी घातली.

सकाळी स्ट्रेचर आलं. भाऊ भिंतीकडे तोंड करून पडला होता. नर्सबाईंनी हाक मारली, मग डॉक्टरांनी मारली. त्याने मान हलवली, नाही. थोडा वेळ थांबून त्यांनी ते तसंच रिकामं परत नेलं. ताई खाटेजवळ उभी राहून त्याच्या पाठीला सांगतच होती, "लहान आहे रे तुझी गाठ. खरंच लहान आहे."