कुमुदच्या पलंगासमोरची भिंत

मार्गशीर्षातली सकाळ मिरजेवर मधासारखी ओघळत होती. सोनसळी, सावकाश, संकोचत. दोन खोल्यांच्या त्या घरातही ती खिडकीतून आली, फरशीवरून पुढे सरकली आणि पलंगासमोरच्या भिंतीवर येऊन मलूल झाली. विटकी भिंत ती. ओलीनं डागाळलेली, पोपडे धरलेली, उदास.

आणि कुमुदला दिवसभर तीच दिसायची. न्हाणीघरात पडून मणक्याला मार बसला होता. डॉक्टरांनी उठायला सक्त मनाई केली होती. एरवी निर्झरासारखी खळखळणारी कुमुद आता 'हो' आणि 'नको' एवढ्याच दोन शब्दांवर आली होती. तिचं दुखणं तिच्या नवऱ्याला, वामनरावांना, कळत होतं. तिचं मौन मात्र त्यांना सोसवत नव्हतं.

इस्पितळाच्या खर्चानं हात रिते केले होते. रंगारी लावणं परवडणारं नव्हतं. तेव्हा त्यांनी खालच्या बिऱ्हाडातला उरलेला पांढरा रंग मागून आणला, दुकानातून निळ्या रंगाची एक लहानशी बाटली घेतली, पत्र्यानं पोपडे खरवडले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच हातात ब्रश धरला.

बादलीत निळाई विरघळली. शुभ्रात नील, नीलात शुभ्र. भिंतीवर हळूहळू एक आकाश उतरू लागलं. वाकलेल्या पाठीचा तो वृद्ध चित्रकार मागे वळून वळून पाहत होता. पलंगावरचे डोळे उघडे होते.

अर्ध्यावर बादलीत कालवलेला रंग संपला. डब्यात उरलेल्या पांढऱ्यात निळा घालून दुसरी बादली कालवली, ती गडद झाली. वर फिकट, खाली गर्द. मधे वेडीवाकडी रेघ. वामनराव हताश होऊन स्टुलावर बसले.

"अहो," पलंगावरून आवाज आला, "दोन निळे झालेत."

कितीतरी दिवसांनी आलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य.

"झालेत खरे. आता थोडा पांढरा तेवढा उरलाय."

"मग भेंडी आणा."

"भाजीला?"

"भाजीला कशाला? ठशांना! देठाकडून आडवी कापा. आणि जून बघून आणा, कोवळी चेपते."

भेंडी आली. कापली. शुभ्र रंगात बुडाली. दोन निळाया जिथे भांडत होत्या, तिथे एक फूल उमटलं. पाच पाकळ्यांचं, नाजूक, नवजात. मग दुसरं. मग कितीतरी.

"डावीकडे दाटी झाली. अहो, जरा मोकळं सोडा. तुम्हाला ना, काही म्हणजे काही येत नाही!"

बोलणी खात वामनराव हसत होते. डोळे पुसत होते. फुलं उमटवत होते.

"मलाही एक काढू द्या," ती म्हणाली.

त्यांनी पलंग अलगद, तसूतसूनं सरकवत भिंतीशी नेला. निजल्या निजल्या कुमुदनं हात लांबवला. फूल तिरपं उमटलं. ती हसली, बारीक, दुखरं, पण आपलं जुनं हसू.

मग भेंडी पुन्हा रंगात बुडवून तिनं त्यांचा डावा हात ओढला, आणि उंचावलेल्या शिरांवर, सुरकुतल्या कातडीवर, हलकेच ठसा दाबला.

ते शुभ्र, ओलं, इवलं फूल वाळेपर्यंत वामनरावांनी हात हलवला नाही. आणि तिनंही तो सोडला नाही.