नुसतं ‘राहतो’ म्हण

थोरलीचं मागणं काही फार नव्हतं. धाकट्या भावाने ‘राहतो’ म्हणावं, एवढंच. सकाळपासून डॉक्टरीणबाईंसमोरच्या खुर्चीत बसून हा पठ्ठ्या तेवढं सोडून सगळं करत होता. खिडकीची कडी बघून झाली, टेबलाच्या खणाचं कुलूप बघून झालं, एकदा तर उठून चक्क दाराच्या फटीतून पलीकडे डोकावून आला. थोरलीने पर्सचा पट्टा इतका पिळला होता की तो तुटायचाच बाकी होता.

कुलपांनीच तर हा दिवस दाखवला होता. धाकटा कुलपं दुरुस्त करायचा, किल्ल्या बनवायचा, आणि त्याच्या हाताला नाव ठेवायची कोणाची टाप नव्हती. पण गेल्या काही महिन्यांत त्याची झोप उडाली. रात्रभर जिन्यात कोणीतरी फिरतं, म्हणायचा. थोरली म्हणायची, मांजर असेल. मग एका भर दुपारी, सगळे कामावर गेलेले असताना, त्याने अख्ख्या इमारतीची कुलपं बदलली. कोणाच्या घरातली सुईसुद्धा हलवली नाही. प्रत्येक दाराला नवंकोरं, भारीतलं कुलूप, तेही पदरमोड करून. संध्याकाळी माणसं सामानाच्या पिशव्या आणि रडणारी पोरं घेऊन आपापल्या दाराबाहेर उभी, आणि हा पायरीवर बसून त्यांना धीर देतोय, “आता कोणी आत येणार नाही!” खरंच कोणी येणार नव्हतं. किल्ल्या त्याने गटारात टाकल्या होत्या.

प्रकरण पोलिसांत गेलं, तिथून कोर्टात. न्यायाधीश भले निघाले. म्हणाले, हा आपल्या मर्जीने या छोट्या इस्पितळात थोडे दिवस राहून उपचार घेत असेल, तर सक्तीने दाखल करण्याचा हुकूम मी काढत नाही. डॉक्टरांनी आज दुपारपर्यंत कळवावं. नाही म्हणाला तर गावाबाहेरचं मोठं इस्पितळ, आणि तिथून कधी सुटायचं तेही कोर्टच ठरवणार. थोरलीने त्या इस्पितळाची भिंत एकदा बाहेरून पाहिली होती. तेवढ्यावरच ती परत फिरली होती.

“इथे राहायची तुमची तयारी आहे का?” डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं.

“आहे ना!” थोरली म्हणाली. “कपडेसुद्धा इस्त्री करून आणलेत.” तिची लाँड्री होती, इस्त्रीशिवाय ती कोणाला कुठे पाठवत नसे.

“मी त्यांना विचारलं, ताई.”

“हो हो. सांग रे.”

धाकटा पुन्हा खिडकीच्या कडीकडे बघू लागला.

“झोप कशी लागते तुम्हाला?”

“कसली झोप! रात्रभर येरझाऱ्या. मी म्हणते, अरे, पड जरा, पण पालथ्या घड्यावर पाणी.”

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. “ताई, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा.”

“मी? अहो, आई गेल्यापासून याचं सगळं मीच बघते. हा काही बोलणारच नाही.”

“मग मी थांबेन. पण होकार त्यांचा हवा. तुमचा मला कोर्टाला कळवता येणार नाही.”

थोरली बाहेर आली ती धुसफुसतच. वा रे न्याय! ज्याच्यापायी नाकीनऊ आले, त्याच्याच बाबतीत आपण तोंड मिटून बसायचं! बाकावर बसवेना, म्हणून तिने समोर आलेल्या नर्सलाच धरलं. “हे बघा, चहात त्याला साखर जास्त लागते. गोळी दिली की गिळेपर्यंत हलायचं नाही. आणि रात्री दिवा चालू ठेवा हं. लहानपणापासून अंधाराला घाबरतो. घरी अजून मधल्या खोलीतला दिवा रात्रभर जळतो.”

“राहतायत का ते?” नर्सने विचारलं.

“न राहून जाईल कुठे!” थोरली म्हणाली, पण नजर बंद दाराकडे वळली.

दाराच्या काचेतून आतलं दिसत होतं, ऐकू मात्र काही येत नव्हतं. धाकटा बोलत होता! हातवारे करून, भडाभडा. इतकं तो तिच्याशी वर्षात बोलला नसेल. थोरलीला बरंही वाटलं आणि रागही आला. राग जास्त आला.

मग दार उघडलं. डॉक्टरीणबाई धाकट्याला घेऊन वॉर्डाच्या दाराशी गेल्या. त्याने दाराची मूठ फिरवली, आत गेला, दार लावून घेतलं, आतून उघडून बाहेर आला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. थोरलीने कपाळाला हात लावला. आता हेही कुलूप बदलतो की काय!

“आतून उघडतं,” धाकटा म्हणाला.

“सांगितलं होतं ना तुम्हाला,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “जावंसं वाटलं तर आधी माझ्याशी बोलायचं. पण कोंडणार नाही.”

“मग राहतो.”

“म्हणाला! ऐकलंत ना? म्हणाला!” थोरली जवळजवळ ओरडलीच. डॉक्टरीणबाई कोर्टाला फोन करायला आत वळल्या. “मी रोज संध्याकाळी दुकान बंद करून—” थोरली सुरू झाली.

“एवढ्यात नको येऊ,” धाकटा म्हणाला. “मी फोन करेन.”

थोरलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हेच फळ! ती फाडफाड काहीतरी बोलणार, तेवढ्यात नर्सने धाकट्याची पिशवी उचलली.

“रात्री दिवा चालू ठेवू ना? ताई सांगत होत्या, तुम्हाला अंधाराची भीती वाटते.”

“बंद करा. उजेडात मला झोप नाही येत. कधीच नाही आली.”

“अरे, खोटं काय बोलतोस?” थोरली उसळली. “आईला रडून सांगायचास की दिवा मालवू नको म्हणून!”

“तू पांघरुणात थरथरायचीस,” धाकटा म्हणाला. “एवढी मोठी मुलगी अंधाराला घाबरते म्हटल्यावर सगळे हसले असते. मी लहान होतो. मला कोण हसणार?”

नर्स उगाच पिशवीचा बंद नीट करत बसली.

धाकटा दारात गेला, मुठीवर हात ठेवला आणि मागे वळला. “आज घरी एकटी असशील. दिवा चालू ठेव.”

“ठेवते,” थोरली म्हणाली.