करवत सहाला बंद

धाकटी बहीण शेजारी राहायला आली ती ताईच्याच खटपटीने. नवरा गेल्यावर एकटी पडलेली बहीण डोळ्यांसमोर असावी म्हणून ताईने घरमालकाच्या मागे भुंगा लावून शेजारचा तळमजला मिळवला होता. मागच्या खोलीत धाकटीने संसार मांडला आणि पुढच्या खोलीत दुकान. तसबिरींना चौकटी करून द्यायचा नवऱ्याचा धंदा तिने हातात घेतला आणि वर्षाच्या आत सगळी गल्ली तिला फ्रेमवाली म्हणायला लागली.

ताईचा नवरा बस डेपोतून निवृत्त झालेला मेकॅनिक. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. माणूस सरळ, पण तोंडाला कुलूप. घरात दिवसभरात त्यांच्या तोंडून निघायचं ते "चहा", "पेपर", "पंखा बंद कर" एवढंच. ताई शेजारणींना सांगायची, "आमच्या घरात बोलणारे दोघंच. मी आणि कुकर."

एके दिवशी धाकटीची गोल करवत अडकली. मिस्त्री पान्हे घेऊन गेले, करवत खोलली, तेल घातलं, पातं बदललं. दुसऱ्या दिवशी नीट चालतेय का बघायला गेले. तिसऱ्या दिवशी लाकडी पट्ट्या कापायलाच बसले. मग रोज चारचा चहा झाला की पायात चपला, आणि "जरा शेजारी जाऊन येतो." हे "जरा" रात्रीच्या जेवणापर्यंत चालायचं.

ताईला आधी बरंच वाटलं. रिकामा माणूस घरात फिरतो तेव्हा प्रत्येक डब्याचं झाकण उघडून बघतो. तो बाहेर गेला म्हणजे पीडा टळली.

आणि एका संध्याकाळी ती भाजी चिरत असताना दोन घरांमधल्या बोळापलीकडून हसण्याचा आवाज आला. पोटातून उसळलेलं, शेवटी खोकल्यात अडकणारं, गडगडाटी हसणं. कोण गिऱ्हाईक आलंय, असं म्हणत तिने सुरी थांबवली. पुन्हा तेच हसणं आलं तेव्हा ओळख पटली. मिस्त्री हसत होते.

मुलगा नोकरीला लागला तेव्हासुद्धा हा माणूस नुसता मिशीत हसला होता!

जेवताना तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "आज काय एवढं हसत होतात?"

"कुठे काय."

हे दोन शब्द काही ताईच्या डोक्यातून जाईनात. रोज संध्याकाळी ती कान लावून बसायची. करवत घुर्रकन चालायची, थांबायची, मग मिस्त्रींचं बोलणं. शब्द कळायचे नाहीत, पण बोलणं लांबलचक असायचं. आणि मग दोघांचं हसणं. लहानपणापासून हेच होतं. नवा फ्रॉक ताईला यायचा आणि उतरलेला धाकटीला मिळायचा, पण पाहुणे म्हणायचे, धाकटीला काय शोभतो! आता तर तिने फ्रॉक उतरायचीसुद्धा वाट बघितली नव्हती.

ताईने उपाय करून पाहिले. डेपोतल्या जुन्या गोष्टी काढल्या, तर मिस्त्री म्हणाले, "त्यात काय सांगायचं." केसांना रंग लावला, तर दोन दिवसांनी तिच्याकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, "बरं नाही का तुला?" धाकटीने मात्र दारातूनच ओरडून सांगितलं, "अगं ताई, किती छान दिसतेयस!" ते तर ताईला जास्तच झोंबलं.

त्याच सुमारास नगरपालिकेने गल्लीच्या तोंडाशी फलक लावला. वस्तीतल्या आवाजाचे नवे नियम. लाउडस्पीकर, बँड, यंत्रं, सगळ्यांना मर्यादा. तक्रार फोनवर करता येईल, तक्रारदाराचं नाव गुप्त राहील, माणूस घरी येऊन तक्रारदाराच्या खिडकीतून आवाज मोजेल. बाजारातून येताना ताईने तो फलक वाचला. चार पावलं पुढे गेली, परत आली आणि पुन्हा वाचला. घरी येऊन पिशवीसुद्धा खाली न ठेवता तिने फोन लावला.

"करवतीचा त्रास होतो हो," ती म्हणाली. "डोकं उठतं माझं."

आवाज मोजणारा माणूस आला तेव्हा मिस्त्री अर्थातच शेजारी होते. पन्नाशीचा, दमलेला, गळ्यात मीटरची पिशवी अडकवलेला माणूस. त्याने पंखा बंद करायला लावला, बोलू नका म्हणाला आणि खिडकीशी मीटर धरून उभा राहिला. करवत सुरू झाली. ताई आशेने आकड्यांकडे बघत राहिली.

"मर्यादेच्या आत आहे," तो म्हणाला.

तेवढ्यात करवत थांबली आणि पलीकडे हास्याचा स्फोट झाला. मीटरवरचा आकडा टुणकन वर गेला. तपासनीसाने भुवया उंचावल्या.

"हे कोण?"

"असेल कोणीतरी," ताई म्हणाली. थोडं थांबून तिने विचारलं, "याचं काही करता येत नाही का?"

"कशाचं?"

"या... आवाजाचं."

"बाई, हसण्याला आमच्याकडे कलम नाही." त्याने मीटर पिशवीत घातला. पण तिचा पडलेला चेहरा बघून त्याला बहुधा दया आली. "एक आहे. राहत्या गल्लीत सहानंतर यंत्र चालवायचं तर वेगळी परवानगी लागते, आवाज कितीही असो. ती त्यांच्याकडे नसेल तर नोटीस जाईल."

"मग तसंच करा," ताई म्हणाली.

नोटीस घेऊन धाकटी सगळ्यात आधी कुठे आली, तर ताईच्याच स्वयंपाकघरात. "बघ गं ताई! सहानंतर करवत बंद. माझी निम्मी कामं संध्याकाळची असतात. कोणाच्या पोटात दुखलं असेल?"

ताईने चहाचं आधण ठेवलं. तिच्याकडे पाठ करूनच म्हणाली, "लोकांचं काय. एकाचं बरं चाललेलं दुसऱ्याला बघवत नाही."

बोलून गेली आणि कानाच्या पाळ्या तापल्या. धाकटीने डोळे पुसत चहा प्यायला, वर "तू आहेस म्हणून बरं" असंही म्हणाली.

त्या संध्याकाळी सहाला करवत बंद झाली. ताईने मिस्त्रींच्या आवडीची भाजी फोडणीला टाकली, दोन कप चहा ओतला. सव्वासहा झाले. साडेसहा झाले. चहावर साय धरली. मिस्त्री आले ते जेवायलाच.

"करवत तर बंद होती ना?" ताईने विचारलं.

"चिकटवायचं काम होतं. काचा पुसायच्या होत्या."

आणि मग खरा छळ सुरू झाला. करवत चालायची तेव्हा धाकटीचं दार सताड उघडं असायचं, भुसा उडायचा म्हणून. आता काचेवर धूळ बसू नये म्हणून सहा वाजता दार लोटलं जायचं. बोळापलीकडून काही म्हणजे काही ऐकू येईना. हसणं ऐकू येत होतं तेव्हा निदान हसताहेत एवढं तरी कळत होतं. आता काय करत असतील? नगरपालिकेने दिलेल्या त्या शांततेत ताईच्या मनाने नको नको ते रंगवलं. एकदा ती बोळात जाऊन भिंतीला कान लावून उभी राहिली. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई जिन्यातून उतरल्या आणि म्हणाल्या, "ओल आलीय का भिंतीला?"

"हो ना," ताई म्हणाली, आणि भिंतीवरून हात फिरवत राहिली.

चौथ्या दिवशी मात्र तिचा धीर सुटला. वाटी नाही, निमित्त नाही, ती सरळ दार ढकलून आत गेली.

आत दोघं एकमेकांकडे पाठ करून बसली होती. मिस्त्री चौकटीवरचा सुकलेला सरस खरवडत होते, धाकटी कात्रीने पुठ्ठा कापत होती. मध्ये टेबलावर कोणाच्या तरी आजोबांचा मोठा फोटो, अर्धा चौकटीत बसवलेला.

"बरी आलीस. हा कोपरा धर," धाकटी म्हणाली. "भावोजी, पुढे काय झालं मग?"

ताईने कोपरा धरला. मिस्त्री सांगत होते ते हॉर्नचं. डेपोतल्या एका बसचा हॉर्न अडकला, काही केल्या थांबेना, आणि मॅनेजर स्वतः तार तोडायला बॉनेटवर चढला...

"मॅनेजर नव्हता तो," ताईच्या तोंडून निघून गेलं. "मॅनेजरचा सासरा होता."

मिस्त्रींनी खरवडणं थांबवलं. "तुला आठवतंय?"

"न आठवायला काय झालं? लग्न झाल्यावर शंभरदा ऐकलंय मी."

"आणि मग म्हणालीस, पुरे झालं आता ते हॉर्नपुराण."

ताईला ते आठवत नव्हतं. पण म्हणाली असेल, याची तिला खात्री होती. मिस्त्री वळले आणि पुढची गोष्ट सांगू लागले. धाकटीकडे बघून. सासरा बॉनेटवरून घसरतो तिथे धाकटी अशी खळखळून हसली की तिच्या हातातली कात्री हलली. मिस्त्रींचा चेहरा उजळला. तो उजळलेला चेहरा ताईला सहन झाला नाही.

"सहानंतर तरी घरी याल असं वाटलं होतं," ती म्हणाली, "म्हणून तर मी..."

जीभ चावली, पण बाण सुटला होता.

धाकटीने कात्री खाली ठेवली. "ताई. तू?"

ताई कोपरा धरूनच उभी होती.

"मला बोलायचं होतंस."

"काय बोलायचं होतं? माझ्या नवऱ्याला हसवू नकोस म्हणून?"

मग मिस्त्रींच्या मिशा हलायला लागल्या. "म्हणजे तू माझी तक्रार केलीस? नगरपालिकेत? या वयात माझ्यावरून...?" माणूस चक्क खूश झाला होता.

"भावोजी, हसू नका!" धाकटी कडाडली. तिचे डोळे भरून आले होते. "दोन मोठी कामं गेली माझी या चार दिवसांत. तुमचा होतो खेळ आणि माझा जातो जीव. उठा. दोघंही घरी जा."

त्यानंतर धाकटी ताईशी बोलली नाही. दार लावून घेऊन एकटीच काम करायची. मिस्त्री घरात डब्यांची झाकणं उघडत फिरायचे. ताईला हवं होतं ते अगदी तसंच मिळालं होतं, आणि ते तिच्या घशाखाली उतरत नव्हतं.

शेवटी ती नगरपालिकेत गेली. तोच तपासनीस टेबलाशी बसला होता. तक्रार मागे घेता येणार नाही, तो म्हणाला. पण शेजाऱ्यांनी हरकत नाही असं लिहून दिलं तर आठपर्यंत परवानगी मिळू शकेल. मग ताई दारोदार फिरली. कोणी लगेच सही केली, कोणी चार प्रश्न विचारले. मास्तरीणबाई सही करताना म्हणाल्या, "तक्रार नक्की कोणी केली असेल हो?"

"मी," ताई म्हणाली. बाईंचं पेन थांबलं, मग चाललं.

सह्यांचा कागद तिने धाकटीच्या टेबलावर ठेवला. धाकटीने तो वाचला, घडी घातली. "चहा घेतेस?" एवढंच म्हणाली. चहा फिक्का होता. ताईने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

करवत पुन्हा आठपर्यंत चालू लागली आणि मिस्त्री पुन्हा चारला चपला घालू लागले. ताईची जळजळ थांबली म्हणावं, तर ते खोटं होईल. धाकटीही आता पूर्वीसारखी दारातून ओरडून काही सांगत नव्हती. पण त्या भांडणापासून मिस्त्रींमध्ये काहीतरी सैल झालं होतं. एका रात्री जेवता जेवता त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली: डेपोत एक कंडक्टर होता, तो झोपेत तिकिटं फाडायचा. ही गोष्ट ताईने कधीच ऐकली नव्हती. ती हसली, आणि हसता हसता एकदम थांबली.

"हे तिला सांगून झालं असेल ना?"

"नाही अजून."

ताईने न विचारताच त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. "मग नका सांगू."

मिस्त्रींनी भात कालवला.

"उद्यापुरतं नाही सांगत," ते म्हणाले.