वाटाडीचा चेहरा

दातांच्या कवळ्या करण्यात जन्म गेलेल्या बाईला माणूस खालून वर दिसतो. आधी जबडा, मग ओठ, आणि सवड मिळालीच तर डोळे. त्यामुळे नाक्यावरच्या थिएटरवर त्या सिनेमाचं भलंमोठं पोस्टर लागलं, तेव्हा तिने सगळ्यात आधी शोधला तो त्यातल्या बाईचा जबडा. तो दिसत नव्हता. बाईने हेल्मेट घातलं होतं आणि हेल्मेटची काच काळी होती. तिने हातातली पिशवी खाली ठेवली आणि सुटकेचा निःश्वास टाकला. मागून एक सायकलवाला म्हणाला, "मावशी, सिनेमा आत असतो, रस्त्यात नसतो." एरवी तिने त्याला चार शब्द सुनावले असते. आज ती गुमान बाजूला झाली.

ज्या कादंबरीवरून हा सिनेमा केला होता, ती तिने कधीच धड वाचली नव्हती. लग्न झाल्यावर नवऱ्याने मोठ्या हौसेने पुस्तक हातात दिलं होतं. पहिल्याच प्रकरणात अंतराळयानाच्या इंजिनाचं वर्णन सुरू झालं आणि हिचा डोळा लागला. पुढे घरात आलेल्या कुणालाही झोप येत नसली, की ती नवऱ्याला म्हणायची, "अहो, द्या त्यांना तुमचं पुस्तक." तो हसायचा. आर्किटेक्टच्या कचेरीत नकाशे काढणारा साधा माणूस. दिवसभर लोकांचे जिने आणि मोऱ्या आखायच्या आणि रविवारी मंडळात जाऊन अंतराळावर तावातावाने भांडायचं, हे त्याचं आयुष्य. तो त्यात सुखी होता.

मंडळ म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत जमणारी पाच-सात डोकी. सगळी त्या एकाच कादंबरीवर जीव टाकणारी. कादंबरीत एक यान आहे, त्यातली माणसं झोपेत प्रवास करतात, आणि जागी असते ती एकटी वाटाडी, यानाला रस्ता दाखवणारी. तिला नाव नाही. लेखकाने तिचे हात सांगितले आहेत, आवाज सांगितला आहे, चेहरा मात्र अखेरपर्यंत सांगितलेला नाही. त्यामुळे मंडळाचा एक नियम होता: चेहरा ज्याचा त्याचा. आपल्याला वाटाडी कशी दिसते हे कुणी कुणाला सांगायचं नाही, बायकोलासुद्धा नाही. एकदा एका नव्या माणसाने उत्साहाने तिचं चित्र काढून आणलं, तर ते न बघताच पालथं ठेवलं गेलं आणि त्याला चहा पाजून घरी पाठवलं. मोठी माणसं, आणि हे खेळ. ती कितीतरी वर्षं या नियमाची टर उडवत आली होती.

मग नवरा विसरायला लागला. आधी चष्मा, मग कचेरीचा रस्ता, मग परगावी असलेल्या मुलीचा आवाज. फोनवर तो मुलीला "आपण कोण बोलताय?" असं इतक्या अदबीने विचारायचा, की ती पलीकडे रडतेय हे त्याला कळायचंही नाही. आपली पाळी येणार हे बायकोला ठाऊक होतं. ती मनाशी तयारी करत होती. अशा गोष्टीची तयारी होत नसते, तो भाग वेगळा.

एका सकाळी तो दचकून उठून बसला. भिंतीकडे, खिडकीकडे, तिच्याकडे परक्या घरात जाग आल्यासारखा बघत राहिला. आणि मग त्याचे खांदे सैल झाले.

"वाटाडी," तो म्हणाला, "अजून किती लांब आहे गं?"

हा शब्द तिने मंडळवाल्यांच्या तोंडून ऐकला होता. तिने नवऱ्याच्या जुन्या दोस्ताला फोन लावला. मंडळात त्याला 'पुरावा' म्हणत, कारण कुणी काहीही बोललं तरी तो "कुठल्या पानावर?" असं विचारायचा.

"भावजी, यांनी ते पुस्तक पहिल्यांदा कधी वाचलं हो?"

"तुमचं लग्न ठरलं ना वहिनी, त्या सुट्टीत. मीच दिलेलं. खिशात तुमचा फोटो आणि हातात पुस्तक, असा हिंडायचा गाढव. का?"

"काही नाही, सहज," ती म्हणाली आणि फोन ठेवून मागच्या खोलीत गेली. तिथे प्लास्टरचे जबडे ओळीने वाळत पडले होते. त्यांच्यासमोर स्टुलावर बसून ती पोटभर रडली. एवढी मोठी गोष्ट, आणि नियम म्हणून सांगितली नाही मेल्याने. आपण ज्या पुस्तकाला झोपेचं औषध म्हणत होतो, त्यात पहिल्या दिवसापासून आपणच जाग्या बसलो होतो. कळलं कधी, तर बायको म्हणून पुसून गेल्यावर.

त्या दिवसापासून तिने पुस्तक उघडलं. इंजिनं आली की पानं उलटायची, वाटाडीचं बोलणं आलं की पाठ करायचं. झोपलेला माणूस दचकून उठला की वाटाडी त्याला म्हणते, "घाबरू नकोस, आपण वाटेवरच आहोत." ती रोज सकाळी हे म्हणू लागली. सगळा संसार तिने अहो-जाहो करण्यात काढला होता. पहिल्यांदा "नकोस" म्हणताना तिचे कान तापले. मग सवय झाली, आणि खरं सांगायचं तर आवडायलाही लागलं. वाटाडी म्हणाली की तो अंघोळ करायचा, वाटाडी म्हणाली की गोळ्या घ्यायचा, वाटाडीच्या हातून चार घास जास्त खायचा. बायको म्हणून तिचं इतकं त्याने कधीच ऐकलं नव्हतं.

हे तिने पुराव्याला सांगितलं नाही. सांगणार तरी कसं? या वयात, दाताच्या कवळ्या घासता घासता, "तुमच्या कादंबरीची नायिका मी आहे" असं म्हणायचं? शिवाय नियम त्याचा होता. त्याला आठवत नसला म्हणून काय झालं, तिला तर आठवत होता.

सिनेमाची बातमी आली तसं मंडळ हवालदिल झालं. रविवारी सगळे तिच्याच घरी जमायचे, नवऱ्याला मध्ये बसवायचे आणि सुतक असल्यासारखे बोलायचे. यान चकचकीत करतील. शेवट गोड करतील. वाटाडीला गाणं देतील. आणि सगळ्यात मोठी धास्ती म्हणजे तिचा चेहरा दाखवतील. एकदा पडद्यावर चेहरा आला की डोक्यातला गेला, मग पुस्तक कितीदाही उघडा, तीच नटी दिसणार. हे ऐकताना ती चहाचे कप घेऊन दारातच थांबली. बाकीच्यांचं एक पुस्तक बिघडणार होतं. तिचा नवरा जाणार होता.

मंडळाने सिनेमावाल्यांना पत्रावर पत्रं धाडली. शेवटी दिग्दर्शकाची मुलाखत छापून आली, आणि पुरावा ते कात्रण नाचवत आला.

"वहिनी, जिंकलो आपण. हेल्मेट निघणार नाही म्हणतोय. हे बघा, त्याच्याच शब्दांत. आता याला घेऊन जाऊ या. आयुष्यभर याने या सिनेमाचा धसका घेतला आणि आयुष्यभर वाटही पाहिली."

"तिचा चेहरा नक्की दिसणार नाही ना, भावजी?"

पुराव्याला भरून आलं. "इतक्या वर्षांनी का होईना, तुम्हीपण आमच्यातल्याच झालात."

तिने कात्रण स्वतः वाचलं, पुन्हा वाचलं. जाऊ नये असं मन सांगत होतं. पण आदल्याच दिवशी फिरायला नेलं तेव्हा नवरा त्या पोस्टरसमोर थांबला होता, आणि तिचा हात दाबून म्हणाला होता, "आपलं यान." किती महिन्यांत त्याने तिला काही दाखवलं नव्हतं. आपल्या भीतीपायी त्याचा एवढा आनंद कसा हिरावून घ्यायचा? ती हो म्हणाली.

दुपारच्या खेळाला गर्दी नव्हती. मंडळ मागच्या रांगेत बसलं आणि लगेच कुरकुरायला लागलं, हे चुकलं, ते गाळलं. नवरा मात्र हरखून गेला होता. काळ्या काचेची ती बाई पडद्यावर आली, तेव्हा तो अंधारात बायकोकडे झुकला.

"तू तिकडेपण आहेस," तो कुजबुजला.

"हो," ती म्हणाली. त्याने तिचा हात हातात घेतला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात घेत असे, तसा.

सिनेमा संपत आला होता. यान पोहोचलं, दार उघडलं, बाहेर उजेड होता. वाटाडी उंबऱ्याशी थांबली आणि तिचे दोन्ही हात हळूहळू गळ्याशी, हेल्मेटच्या पट्ट्याकडे गेले. बायकोला सगळ्यांआधी कळलं. तिने झटकन आपला तळवा नवऱ्याच्या डोळ्यांवर ठेवला. त्याने तो बाजूला केला. रागाने नव्हे, अगदी हळुवार, डोळ्यांवर आलेला केस बाजूला करावा तसा. आणि बघितलं.

तरुण चेहरा होता, सुंदर होता. समोरचे दात बसवलेले होते, काम चांगलं होतं. मागून पुरावा मोठ्याने म्हणाला, "फसवलं." नवऱ्याने आपला हात तिच्या हातातून सोडवून घेतला आणि स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला.

बाहेर मंडळाने नवऱ्याला बाकावर बसवलं. पुरावा जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता, त्याचे डोळे लाल झाले होते.

"मुलाखतीत एक आणि पडद्यावर भलतंच. चाळीस वर्षं जपलं होतं वहिनी आम्ही. कुणी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी तिचा चेहरा..."

"भावजी, यांच्या पुस्तकात तिथे मी होते," ती म्हणाली. "बायको म्हणून विसरले होते मला. वाटाडी म्हणूनच काय ते ओळखत होते."

पुरावा पायरीवर खाली बसला. कुठल्या पानावर, हे त्याने विचारलं नाही, आणि ती त्याच्यावर चिडलीही नाही. त्याने भलं करायला घेतलं होतं. भलं करायला घेतलेलंच होतं सगळ्यांनी.

घरी आल्यावर नवरा लगेच झोपला. एकदा झोप लागली की तो सगळंच विसरतो, सिनेमाही विसरेल, असं ती स्वतःला समजावत राहिली. डॉक्टर म्हणायचे, नवीन काही टिकत नाही. सकाळी तो उठून बसला तेव्हा ती पलंगाशी उभीच होती.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "आपण वाटेवरच आहोत."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मुलीशी फोनवर बोलताना असायची तीच अदब त्याच्या चेहऱ्यावर आली.

"हे तिचं वाक्य आहे," तो म्हणाला. "आपल्याला कसं माहीत?"

तिने गोळ्या पुढे केल्या. त्याने हात जोडून नको म्हटलं. चहाही नको म्हटला. ती आल्यावर घेईन म्हणाला. दुसऱ्याच्या घरात अडचण होऊ नये अशा बेताने तो पलंगाच्या कडेला सरकून बसला आणि दाराकडे बघू लागला. ती तिथेच उभी राहिली. चहावर साय धरली.

बऱ्याच वेळाने त्याला तिची दया आली असावी.

"उभ्या का? बसा ना," तो म्हणाला. "येईल ती इतक्यात. आपणही तिच्यासाठीच थांबलात का?"

"हो," ती म्हणाली, आणि मध्ये थोडं अंतर ठेवून त्याच्या शेजारी बसली.